शिगवणबाई, एमबीए

शिगवणबाईंवर लिहायचं मी बरीच वर्षं टाळलं. आमच्या अभ्यासकेंद्राने स्मरणिका काढायचं ठरवलं तेव्हा संपादकांनी माझ्याकडे त्यांच्यावरचाच लेख मागितला होता. "सर, तुमची सगळ्यांत गाजलेली विद्यार्थिनी. तुम्ही नाही लिहिणार तर कोण?" मी 'कोकणातील संगणक शिक्षण : काही विचार' असा लेख दिला. तो कोणी वाचला असेल असं वाटत नाही. छापून आल्यावर मीही वाचला नाही. पुढे बाई गेल्या, तेव्हा शोकसभेत चार शब्द बोला म्हणून त्यांच्या शाळेतून फोन आला. घसा बसलाय, असं मी सांगितलं. घसा ठणठणीत होता. आता मी पंचाहत्तरी ओलांडली आहे आणि डॉक्टर हल्ली माझ्याशी फार गोड बोलतात. तेव्हा सांगून टाकलेलं बरं.

मी बँकेच्या संगणक विभागातून निवृत्त होऊन रत्नागिरीत परत आलो आणि घरात फार लुडबुड करतो म्हणून बायकोने मला बाहेर काम शोधायला लावलं. एका मुक्त विद्यापीठाचं अभ्यासकेंद्र गावात होतं. तिथे दर रविवारी एमबीएचे वर्ग भरत; विषय माहिती तंत्रज्ञान व्यवस्थापन. विद्यार्थी बहुतेक मिरजोळ्याच्या कारखान्यांतले. आठवडाभर यंत्रांपाशी उभे राहून रविवारी व्यवस्थापक व्हायला येणारे. पगारवाढीसाठी डिग्री हवी होती आणि झोपही हवी होती. त्यातली झोप त्यांना माझ्या वर्गात मिळे.

पहिल्या रविवारी मी वर्गात शिरण्याआधीच वर्ग उभा होता. मला बरं वाटलं. मग लक्षात आलं की मुलं माझ्यासाठी उभी राहिलेली नाहीत. पहिल्या बाकाशी पन्नाशीला टेकलेल्या एक बाई पिशवीतून डबा, पाण्याची बाटली, छत्री आणि वही अशा क्रमाने वस्तू काढत होत्या. विद्यापीठाची तपासनीस आली, असं मुलांना वाटलं होतं.

"बसा, बसा रे," बाई म्हणाल्या. "मी तुमच्यातलीच. फी भरलीय."

या सुनंदा शिगवण. संगमेश्वरच्या बाजूला आत एका खेड्यातल्या हायस्कूलात कारकून. नवरा मुंबईत एका कचेरीत शिपाई, शिमग्याला आणि गणपतीला येणारा. मुलगाही मुंबईतच, सून आणि नातू गावी बाईंजवळ. पहाटेची एसटी पकडून त्या रत्नागिरीला येत आणि पहिल्या बाकावर बसत. एमबीए कशासाठी, असं मी सगळ्यांना विचारत होतो. मुलांनी 'करिअर ग्रोथ' वगैरे ठरलेली उत्तरं दिली. बाई म्हणाल्या, "शाळेत पहिला संगणक आला तेव्हा सगळे मास्तर त्याला हात लावायला घाबरले. मला पुढे केलं. म्हटलं, कारकुनाचं काय, जळला तर कारकुनाने जाळला म्हणतील. तेव्हापासून गावात कोणाचं काही अडलं की 'शिगवणबाईंना विचारा.' सर, मला येत नाही हो त्यातलं निम्मं. पण विचारतातच, तर खरंच येऊ दे म्हटलं."

त्यांना कोणतीही व्याख्या जशीच्या तशी पचत नसे. मी फळ्यावर इंग्रजी शब्द लिहिला की बाई मान तिरकी करून त्याच्याकडे बघत, बाजारात पापलेट बघावं तसं. मग त्याचा गावठी अर्थ सांगत आणि वर्गाकडून मंजुरी घेत. 'रिस्क मॅनेजमेंट' म्हणजे लग्नात दोन आचारी सांगून ठेवायचे. 'आउटसोर्सिंग' म्हणजे पुरणपोळ्या शेजारणीकडून करून घ्यायच्या आणि पाहुण्यांना सांगायचं नाही. 'स्टेकहोल्डर' या शब्दावर मी पाऊण तास बोललो. शेवटी बाई म्हणाल्या, "म्हणजे ज्यांना आधी विचारलं नाही तर पंगतीतून उठून जातात, ते ना?" वर्ग हसला, मीही हसलो आणि ती व्याख्या पुढची दोन वर्षं दुसऱ्या तुकड्यांना माझीच म्हणून सांगितली.

एकदा माहितीच्या सुरक्षिततेवर बोलताना मी विचारलं, "तुमच्या शाळेचा बॅकअप कुठे असतो?"

"तांदळाच्या डब्यात."

मला वाटलं, काही तांत्रिक नाव असेल.

"नाय ओ सर, खराखुरा डबा. आमच्याकडे दमट किती! पेनड्राइव्हला बुरशी धरते. तांदळात ठेवला की कोरडा राहतो. एकदा सुनेने मोजून घेतलेल्या तांदळाबरोबर कुकरमध्ये जायचाच होता. अख्खी दहावी शिजली असती."

मिरजोळ्याच्या एका कंपनीतला सिद्धेश नावाचा मुलगा त्यांच्या मागच्या बाकावर बसे. त्या दोघांची कायम जुगलबंदी. बाईंनी पहिलं सादरीकरण केलं तेव्हा प्रत्येक अक्षर पडद्यावर गिरकी घेत येत होतं आणि सुरुवातीला गणपती डावीकडून उजवीकडे उडत गेला. सिद्धेश म्हणाला, "मावशी, तुमच्या स्लाइडला चक्कर आलीय, लिंबू-पाणी द्या." बाई म्हणाल्या, "तुझ्या स्लाइडपेक्षा बरी. तुझी तर आली तशी निजली." संख्याशास्त्राच्या पेपरात त्या नापास झाल्या. पुढच्या रविवारी डबाभर शेंगदाण्याचे लाडू घेऊन आल्या. "पेढे पास झाल्यावर," असं म्हणून त्यांनी ते वाटले. नापास होऊन लाडू वाटणारी विद्यार्थिनी मी दुसरी पाहिली नाही. पुढच्या वेळी त्या पास झाल्या. पेढेही आले, पण लाडू जास्त चांगले होते.

त्या वर्गात फोन घेत. मी एकदा रागावलो, तेव्हा त्यांनी फोन बंद न करता आवाज बारीक केला. शिमगा जवळ आला की त्यांचा फोन तर पोळीच्या तव्यासारखा तापलेला असे. "हॅलो, हां भावजी... नाय, तुमच्याकडे दुसऱ्या दिवशी... हो, ओटीचं सामान आणा तिकडून, इकडे महाग झालंय..." कारण असं की शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी घरोघर येते. मुंबईचे चाकरमानी तेवढ्यासाठी रजा काढतात, तिकिटं काढतात, बंद घर उघडतात, अंगण सारवतात. आपल्या दारात पालखी कोणत्या दिवशी, साधारण किती वाजता, हे त्यांना आधी कळायला हवं. आणि ते सांगणार कोण? शिगवणबाई.

आणि हे नुसतं सांगणं नव्हतं. त्यांच्या गावाच्या बैठकीत बायका बसत नाहीत. मागे उभ्या राहून ऐकतात. पण गावाचे प्रमुख, ज्यांना सगळे तात्या गावकर म्हणत, त्यांनी त्या वर्षी भर बैठकीत सांगितलं होतं, "वेळांचा काम सूनबायकडं द्या. ती शिकतेय त्यातलाच." गावाच्या कामासाठी बैठकीत बाईमाणसाचं नाव पहिल्यांदाच घेतलं गेलं होतं. बाईंनी ही गोष्ट मला सांगितली तेव्हा नेहमीसारखी तिची थट्टा केली नाही. वहीचा कोपरा दुमडत, उलगडत सांगितली. एमबीएपेक्षा त्यांना ते मोठं वाटत होतं, हे माझ्यासारख्याच्याही लक्षात आलं होतं. तेव्हा कळलं नव्हतं, असं म्हणायची सोय मला नाही.

शेवटच्या सत्रात प्रकल्प करायचा असतो. बाईंनी अर्थात पालखीच घेतली. मोबाइलवर घराचं नाव टाकलं की पालखीचा दिवस आणि वेळ समजेल अशी सोय. सिद्धेशने प्रोग्रामच्या कामात मदत केली. घरं, वाड्या, वाटा हे सगळं बाईंचं. माझ्याकडे मार्गदर्शक म्हणून तपासायला आलं तेव्हा मी गावाचा नकाशा पाहिला आणि चक्रावलो. देवळाला लागून मधली वाडी. तिच्या दारावरून पालखी जायची ती थेट ओढ्यापलीकडच्या खालच्या वाडीत. दुसऱ्या दिवशी चढण चढून वरच्या वाडीत. आणि देवळाच्या अंगणातली म्हणावी अशी मधली वाडी तिसऱ्या दिवशी, सगळ्यांत शेवटी.

"हे उलटं का?" मी विचारलं.

"मानाने चालते ना पालखी. खालची वाडी गावात पहिली वसली. मधली शेवटी आली."

"पण यात व्यवस्थापन कुठे आहे? ही नुसती नोंद झाली. एमबीए आहे हे, शिगवणबाई. सगळ्यांत जवळचा मार्ग काढा. आधी मधली, मग खालची, मग वरची. किती चाल वाचते ते दाखवा."

"सर, पालखीला चाल कुठे वाचवायचीय?"

सिद्धेश फिसकन हसला. मला ते हसणं झोंबलं. पण खरं कारण ते नव्हतं. आमच्या केंद्रातून एकदा तरी चमकदार प्रकल्प विद्यापीठात जावा आणि त्यावर मार्गदर्शक म्हणून माझं नाव असावं, ही माझी इच्छा होती. बँकेत चाळीस वर्षं दुसऱ्यांनी केलेल्या कामावर वरिष्ठांची नावं बघून ती तयार झाली असावी. मी म्हणालो, "परीक्षक देवीला विचारणार नाहीत. मला विचारतील."

बाईंनी क्रम बदलला. पण त्यांना वाटलं होतं की तो प्रकल्पापुरता. गावाला जुनाच पाठवायचा. मी तेही होऊ दिलं नाही. प्रत्यक्ष वापर आणि वापरणाऱ्यांचा प्रतिसाद असं एक प्रकरण अहवालात लागतं. खोटा वापर दाखवायचा नाही, असं मी तत्त्वाने बजावलं. किती सोयीचं तत्त्व होतं ते!

"मग तात्यांना विचारून घेते," बाई म्हणाल्या.

"विचारलंत की संपलं. बदल विचारून होत नाही. आधी करून दाखवायचा, लोक मागून मानतात. शिकवलं नव्हतं का मी?"

"सर, तुम्ही रत्नागिरीत राहता. मी तिथे राहते."

"मग मी सही करत नाही. बघा, पुढच्या वर्षी करू."

हे वाक्य मी हसत म्हणालो होतो. मास्तरांना असं हसता येतं. बाईंनी वही पिशवीत घातली, छत्री घातली, डबा घातला आणि त्या गेल्या. दोन दिवसांनी नवीन वेळापत्रक गावाच्या व्हॉट्सॲप गटावर पडलं. मुंबईकरांनी वर केलेले अंगठे पाठवले. तात्यांकडे बटणांचा फोन होता.

शिमग्याला मी मुद्दाम त्या गावी गेलो. अहवालात लावायला फोटो हवे होते. पहिल्या दिवशी मधल्या वाडीत प्रत्येक दारात रांगोळी. मुंबईहून आलेल्या सुना नव्या साड्या नेसून, ओट्या घेऊन उभ्या. पालखी देवळातून निघाली, ढोल वाजायला लागले आणि ती त्यांच्या दारांवरून सरळ पुढे खालच्या वाडीकडे गेली, जशी ती नेहमीच जाते. खांद्यावर पालखी असलेल्यांना वेळापत्रक ठाऊकच नव्हतं. असतं तरी त्यांच्या पायांना ठाऊक नव्हतं. मधली वाडी भर उन्हात उभीच राहिली. एक म्हातारी म्हणाली, "आमच्याकडं बघितलान पण नाय." तोवर हे थोडं विनोदीही होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी वरच्या वाडीतलं एक जोडपं मुंबईहून उतरलं. पदरात तान्हं बाळ. बऱ्याच वर्षांनी झालेलं, देवीला बोललेलं. बाळाला पालखीखालून न्यायचं होतं. वेळापत्रकाप्रमाणे पालखी त्यांच्याकडे त्या दिवशी होती. प्रत्यक्षात ती आदल्या दिवशीच त्यांच्या बंद दाराशी थांबून, नारळ ठेवून निघून आली होती. त्या मुलीने आरडाओरडा केला नाही. ती बाळाला घेऊन पायरीवर बसून राहिली. आरडाओरडा तिच्या नवऱ्याने केला.

संध्याकाळी सहाणेवर, म्हणजे देवळासमोरच्या ज्या चौथऱ्यावर पालखी बसवतात तिथे, बैठक बसली. मला पाहुणा म्हणून खुर्ची दिली होती. तात्यांनी आवाज चढवला नाही. म्हातारा माणूस, हळूच विचारलं, "ह्यो क्रम कोणी लावलान?"

मागे बायकांच्या घोळक्यातून बाई पुढे आल्या. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मी मोबाइलमध्ये काढलेले फोटो बघत होतो. खरं म्हणजे एकच फोटो बघत होतो, बोटाने मोठा करून, लहान करून.

"मी लावला, तात्या."

"तुला म्हाईत नव्हता?"

"म्हाईत होता."

"मग?"

मी तेव्हा बोलायला हवं होतं. तोंड उघडायला किती वेळ लागतो? मला वाटतं, तात्या उत्तराची वाट खरंच बघत होते. मग म्हणाले, "ऱ्हाव दे. फुडच्या वर्षापासून वेळा आमी सांगू. तू तुजा घर बग." कोणी शिवी दिली नाही, दंड केला नाही. बाई पुन्हा मागे जाऊन उभ्या राहिल्या, आणि बायकांनी त्यांना जागा करून दिली ती जरा जास्तच मोकळी करून दिली.

तोंडी परीक्षेला पुण्याहून परीक्षक आले होते. जवळच्या मार्गाचा तक्ता पाहून ते खूश झाले. "वा! परंपरेला तंत्रज्ञानाची जोड! वापरणाऱ्यांचा प्रतिसाद कसा होता?"

"भरपूर आला, सर," बाई म्हणाल्या.

परीक्षक हसले. मी टेबलावरचा कागद सरळ केला. केंद्रात सर्वाधिक गुण त्या प्रकल्पाला मिळाले, विद्यापीठाच्या अंकात त्यावर चौकट आली आणि मार्गदर्शक म्हणून माझं नाव आलं. दुसऱ्या एका केंद्राने मला त्याच विषयावर व्याख्यानाला बोलावलं. गेलो. शिगवणबाईंच्या नवऱ्याने मुंबईहून पितळी पाटी करून आणली, 'सौ. सुनंदा शिगवण, एमबीए', आणि दाराला ठोकली. बाई मला फोनवर म्हणाल्या, "पोस्टमन विचारत होता, डॉक्टर कोण आलंय तुमच्याकडे?" हसल्या. मीही हसलो. गावाचं नाव दोघांनीही काढलं नाही.

पुढच्या शिमग्याला मी न बोलावता गेलो. या वेळी सांगायचंच, असं ठरवून. बैठकीत, सगळ्यांसमोर, तात्यांना उद्देशून. गाडीत दोन-तीनदा म्हणूनही पाहिलं. बाईंच्या अंगणात पालखी नाचत होती. बाई ओटी घेऊन उभ्या होत्या. मला पाहून त्यांनी आतून खुर्ची मागवली आणि तात्यांना म्हणाल्या, "हे आमचे सर. आले होते ना गेल्या वर्षी." तात्यांनी मला नारळ दिला. कुणीतरी लाउडस्पीकरचा माइक आणून हातात ठेवला. "सर, दोन शब्द."

ढोल थांबले. सगळं गाव समोर होतं, मागायला न जाता मिळालेली संधी होती, आणि बाई दोन हातांच्या अंतरावर समोर उभ्या होत्या. मी बोललो. कोकणच्या निसर्गावर बोललो. खेड्यातल्या एका गृहिणीने या वयात पदवी मिळवली, याचा आदर्श तरुणांनी घ्यावा, असं बोललो. संगणकयुगावर बोललो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तात्यांनीही वाजवल्या.

बाई मला रस्त्यापर्यंत सोडायला आल्या. नारळ पिशवीत नीट बसत नव्हता, तो त्यांनी आडवा करून बसवला.

"छान बोललात, सर."

"हं."

"मला वाटलं होतं, दुसरं काहीतरी बोलाल."

त्यात टोमणा नव्हता. नेहमीचा थट्टेचा सूरही नव्हता. मी गाडीचं दार उघडून उभा राहिलो. काही म्हणणार तेवढ्यात पलीकडे ढोल पुन्हा सुरू झाले. पालखी शेजारच्या घराकडे निघाली होती. "जाते मी, शेजारणीच्या ओटीला हात लावायचाय," असं म्हणून पदर खोचत त्या भरभर निघून गेल्या. बायकांच्या घोळक्यात अगदी शेवटी जाऊन मिळाल्या. मी पाहिलेल्या त्या शेवटच्या शिगवणबाई. गणपतीच्या आधीच त्या गेल्या, बसल्या जागी. शाळेतून फोन आला तो त्यानंतरचा.

तात्या अजून आहेत, असं ऐकतो. हे कोणी त्यांना वाचून दाखवलं तर बरं होईल, पण ते माझं त्या अंगणातलं काम होतं, आणि त्याला तीन वाक्यं पुरली असती. तात्या, तो क्रम बाईंनी लावला नव्हता. त्यांनी लावलेला बरोबर होता. तो मी धाक दाखवून बदलायला लावला आणि तुम्ही विचारलंत तेव्हा खाली मान घालून बसलो. शिगवणबाई, मला माफ करा.